टेबल सॉ : सुरक्षित वापर

टेबल सॉ : लाकूड चिरण्याचे विजेवर चालणारे यंत्र. टेबलाच्या फटीतून वर आलेले गोल पाते जागेवरच फिरते आणि सुतार त्यावर फळी पुढे सरकवतो. कोकणातील सुतारशाळांत त्यावर दारांच्या चौकटी, झोपाळे, देव्हारे आणि आंब्याच्या पेट्यांच्या पट्ट्या चिरल्या जातात. कंपनीच्या यंत्रांबरोबर गावात जोडलेली यंत्रेही बरीच दिसतात : लोखंडी अँगलचा सांगाडा, खाली मोटर आणि पट्टा, वर जाड प्लायवूड. काही ठिकाणी रंधा मशीनच्या शाफ्टलाच बाजूने पाते बसवलेले असते. नीट बांधली तर ही यंत्रे चांगले काम देतात. मात्र हातातला कटर प्लायवूडखाली उलटा बांधून केलेले टेबल वापरूच नये. त्याला धड गाइड (फळी टेकवून सरळ सरकवण्याची पट्टी) नसते, झाकण नसते आणि बटण टेबलाखाली असल्यामुळे ऐन वेळी हात तिथे पोचत नाही.

बोट कापले जाण्याची धास्ती प्रत्येकाला असते. फळीची मात्र कोणी धास्ती घेत नाही, आणि मोठा धोका तिथेच आहे. पात्याचे पुढचे दात खाली जातात, त्यामुळे फळी टेबलावर दाबून राहते. मागचे दात वर येत असतात. फळी जराशी तिरकी झाली किंवा पडलेली चीर मागे मिटली, की ती या दातांना टेकते आणि ते तिला उचलून सुताराच्या अंगावर फेकतात. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. फळी पोटात किंवा बरगडीत बसते. त्याच क्षणी तिच्यावर रेटलेला हात आधार सुटल्यामुळे पात्यावर जाऊ शकतो. म्हणून पात्याच्या सरळ रेषेत कधी उभे राहू नये. एका बाजूला राहावे आणि मागच्या बाजूने फळी ओढायला पात्यावरून हात नेऊ नये.

यावरचा खरा उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ, पात्याच्या लगेच मागे उभी राहणारी पोलादी पट्टी. ती पात्याच्या चकतीपेक्षा किंचित जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा किंचित पातळ असते. चीर तिच्यामुळे उघडी राहते आणि फळी मागच्या दातांपर्यंत जात नाही. संपूर्ण यंत्रात एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी दुसरा भाग नाही. तरी ‘मध्ये मध्ये येते’ म्हणून सर्वांत आधी तीच काढून ठेवली जाते. गावात जोडलेल्या यंत्रालाही लोहाराकडून ती बसवून घेता येते.

गाइड पात्याला समांतर हवे. मागच्या टोकाला ते पात्याकडे झुकले तर फळी चेपली जाते. उभा काप (लाकडाच्या रेषांच्या दिशेने) गाइडला टेकवून, आडवा काप (रेषांना छेदून) सरकत्या गुण्यावर, म्हणजे टेबलाच्या खाचेतून फळीसह पुढे सरकणाऱ्या काटकोनी आधारावर. दोन्ही एकाच वेळी वापरले तर कापलेला तुकडा पाते आणि गाइड यांच्यात अडकून उडतो. नुसत्या हाताने, कशालाच न टेकवता तर काहीच चिरू नये. पाते फळीच्या वर दातापुरतेच ठेवावे. दोन बोटे रुंदीची पट्टी काढताना हाताऐवजी ढकलदांडी लागते : टाकाऊ प्लायवूडची हातभर काठी आणि टोकाला फळीच्या मागच्या कडेत बसणारी खाच. ती यंत्राशेजारी खिळ्याला टांगलेली असावी, कारण शोधावी लागली तर कोणी वापरत नाही. हातमोजे, गळ्यातला गमछा, मनगटावरचा दोरा आणि अंगठी या गोष्टी दात पकडतात आणि हात आत ओढतात.

किनाऱ्यावरची हवा या सगळ्यात भर घालते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते, तेव्हा उघड्यावरच्या लाकडातले पाणी १८ टक्क्यांच्या जवळ स्थिरावते. गणपतीची मखरे आणि चौरंग याच दिवसांत होतात. ओलसर फळीची चीर लवकर मिटते. आकेशियाच्या लाकडात ताण असतो आणि चिरताना ते वळते. ओल्या फणसाचा चीक पात्याला धरतो. अशी फळी जोराने रेटू नये. पाते अडकले तर आधी यंत्र बंद करावे आणि ते पूर्ण थांबल्यावरच फळी काढावी. खाऱ्या हवेने बिडाचे टेबल गंजते, फळी अडखळते आणि हाताचा जोर नको तेवढा वाढतो; म्हणून गंज घासून वर मेण चोळतात.

वीज जाणे हा वेगळाच धोका. साध्या बटणावरचे यंत्र वीज आली की आपोआप सुरू होते, आणि तोपर्यंत कोणी पात्यावरचा भुसा झाडत असू शकतो. वीज जाताच सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर कोकणात तरी अनिवार्य मानावा. पाते बदलताना मेन स्विच बंद करणे किंवा प्लग काढणे हाच खरा बंदोबस्त.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये त्वचेचा स्पर्श ओळखून सुमारे ५ मिलिसेकंदांत पाते थांबवणारी रचना तयार केली. फार ओल्या लाकडालाही ती त्वचा समजू शकते, हे किनाऱ्यावर लक्षात ठेवावे. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक भागांना आवरण बंधनकारक केले. पण तो कायदा कामगारांच्या ठरावीक संख्येपासून लागू होई, त्यामुळे दोन-तीन माणसांची सुतारशाळा त्याबाहेर राहिली. तिथे मिस्त्री जे करतो तेच शिकाऊ पोरगा उचलतो. खंडेनवमीला यंत्र पुसून पूजा होते. त्याच दिवशी पाते, झाकण, पट्टा आणि अर्थिंग तपासून घेण्याची रीत पाडावी.

लाकडाच्या भुशाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवले आहे. नाकावर चांगला मास्क आणि कानात बोळे हवेत.

बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात उंच धरावा आणि १०८ ला फोन करावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लावल्यास पेशी मरतात. बोट जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी सिंधुदुर्गातून बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज किंवा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते. नीट थंड ठेवलेले बोट अनेक तास जोडण्याजोगे राहते, त्यामुळे घाटरस्ता लांबचा असला तरी ते बरोबर न्यावेच.