ओघळणाऱ्या अक्षरांची पार्श्वभूमी

फेब्रुवारी १९२०मध्ये बर्लिनमध्ये ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ हा मूकपट लागला. त्याच्या जाहिरातीत एकच वाक्य झळकत होते : ‘तू कॅलिगारी झालाच पाहिजेस!’ पडद्यावर तेच वाक्य जिवंत होते. रात्री डॉक्टर सैरभैर धावतो आणि अक्षरे त्याच्या अवतीभवती, भिंतीवर, झाडाशी उमटत जातात. हेरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर रोरिग यांनी नेपथ्यात घरे वाकडी काढली, खिडक्या तिरक्या काढल्या. अक्षरांनाही तेच टोकदार, हाताने ओढलेले वळण होते. आज भयकथेच्या मुखपृष्ठावर किंवा हॅलोविनच्या पाटीवर जे ओरखडलेले, ओघळणारे अक्षर दिसते, त्याच्या घराण्याचा शोध मी इथून सुरू करतो.

तयार खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, का वापरले नाहीत? इंग्रजी वाचकाला जुन्या मठांतले काळेभोर गॉथिक अक्षर पाहूनच पडके वाडे आठवतात. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने १७६५मध्ये आपल्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक दिले, तेव्हापासून तो शब्द भयाशी जोडलेला आहे. जर्मनीत मात्र त्याच कुळातले फ्राक्टूर हे रोजच्या वर्तमानपत्राचे अक्षर होते. सकाळच्या बाजारभावांचे अक्षर रात्री कोणाला घाबरवणार? भीतीसाठी नवे अक्षर हातानेच काढावे लागले.

तीस वर्षांनी अमेरिकेत ईसी कॉमिक्सच्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारख्या भयमालिका निघाल्या. मुखपृष्ठावरचे नाव हाताने रेखाटलेले, तर आतल्या संवादांची अक्षरे साच्यावर गिरवलेली, शिस्तीत उभी. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते : दाराशी भीती आणि आत सुवाच्यता. १९५४मध्ये तिथल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली. तिने ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द शीर्षकातून हद्दपार केलेच, शिवाय ‘क्राइम’ या शब्दाची अक्षरे शीर्षकातल्या इतर शब्दांहून लक्षणीय मोठी नसावीत, असेही बजावले. अक्षराच्या नुसत्या आकारात किती ताकद मानली जात होती, याचा याहून बोलका पुरावा मला माहीत नाही.

पुढे हे अक्षर फाँटमध्ये शिरले. अँड्र्यू स्मिथ यांचा ‘चिलर’ हा फाँट १९९५मध्ये लेट्रासेट या अक्षरे विकणाऱ्या कंपनीसाठी आला आणि संगणकांवर घरोघरी पोहोचला. इथेच खरी अडचण उभी राहते. हाताने काढलेल्या शब्दात दोन ‘ई’ कधीच तंतोतंत सारखे नसतात. फाँटमध्ये ते सारखेच येतात, एकाच जागी एकच ओरखडा घेऊन. डोळ्याने ते टिपले की हाताचा भास संपतो आणि त्याबरोबर भीतीही. गुगल फाँट्सवरच्या ‘क्रीपस्टर’ने यावर साधा तोडगा काढला : मोठ्या आणि लहान (कॅपिटल आणि स्मॉल) लिपीच्या कळांवर एकाच अक्षराची दोन रूपे. टाइप करताना ती सरमिसळ वापरायची. फाँटमध्येच अक्षरबदलाचे नियम साठवणाऱ्या ओपनटाइप तंत्रामुळे अशी अदलाबदल शेजारचे अक्षर पाहून आपोआपही करता येते.

देवनागरीत मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे पहिला तोडगा बाद. आणि खरा पेच तर शिरोरेषेचा आहे. पाहताक्षणी वाटते, ओघळांसाठी याहून चांगली जागा कुठली! पण प्रत्येक अक्षराची रेषा पुढच्या रेषेला जुळायची तर दोन्ही टोकांना तिची उंची आणि जाडी सारखीच हवी. थरथर मधल्या भागातच दाखवता येते, सांध्यावर नाही. शिवाय आपल्या लिपीत रेषेखाली उतरणारा प्रत्येक फराटा अर्थ घेऊन येतो. ‘कळ’मधल्या ‘क’शेजारी ओघळ लांबला की ‘काळ’ वाचले जाते. ‘रग’वर थेंब पडला की ‘रंग’ होतो. पायाशी लोंबणारा धागा उकार वाटतो. त्यात ‘रक्त’मधल्या ‘क्त’सारखी जोडाक्षरे, रफार, वेलांट्या धरल्या तर आकार शेकड्यांत जातात, आणि प्रत्येकाची दोन-तीन रूपे करायची तर काम हजाराच्या घरात.

मराठीत या अक्षराची वाट वेगळी होती. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांच्यासारख्या अक्षरकारांनी नावागणिक नवे अक्षर घडवले. नाटकाचा स्वभाव शीर्षकातच कळायचा. जिथे एकेका नावासाठी असा हात मिळत होता, तिथे तयार भयफाँटची निकड कोणाला भासणार?

वापराचे बोलायचे तर हे अक्षर दोन-तीन शब्दांपुरतेच, तेही मोठ्या आकारात. पोस्टरवर प्रयोगाची वेळ, तिकिटाचा दर, पत्ता या गोष्टी साध्या अक्षरातच हव्यात. मोबाइलवर लहान केले की ओरखडे बुजतात आणि अक्षर नुसते मळलेले दिसते. मराठी शीर्षकासाठी डीटीपीवाल्यांची चालत आलेली पद्धत मला अजूनही उत्तम वाटते : जाड फाँटमध्ये शब्द टाइप करायचा, कोरल ड्रॉ या चित्र-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षरांच्या ओढता येणाऱ्या रेषा करायच्या, आणि मग एकेक बिंदू ओढत शिरोरेषा सलग फाडत न्यायची. शब्दात दोन ‘त’ असतील, तर दुसरा पुन्हा हाताने काढायचा.