६४-अ आणि ३९: नशेच्या खटल्यातून सुटका, पण चोरीच्या नाही

समजा, प्लॅटफॉर्मवरच्या गर्दीत मोबाईल मारणारा एक पोरगा रेल्वे पोलिसांच्या हाती लागला. अंगझडतीत ब्राउन शुगरची पुडी निघाली, ग्रॅमभराचीसुद्धा नाही. नाव आधीच रेकॉर्डवर, चोरीत एकदा शिक्षा झालेली. कोर्टाच्या आवारात आईला एक जण सांगतो, "चौसष्ट-अचा अर्ज टाका." दुसरा म्हणतो, "कशाला? एकोणचाळीसखाली कोर्टच पाठवेल व्यसनमुक्ती केंद्रात." दोन्ही कलमं १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्यातली, दोन्हींत उपचार आहेत, म्हणून सगळे त्यांची सरमिसळ करतात.

६४-अ मध्ये पुढाकार व्यसनी माणसाचा. नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप आहे (ब्राउन शुगर म्हणजे हेरॉइनच, त्यासाठी ही मर्यादा ५ ग्रॅम) आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो, तर त्या गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालत नाही. दोषी ठरण्याचा प्रश्नच येत नाही. उपचार अर्ध्यावर टाकले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं.

३९ ची वेळ दोषी ठरल्यानंतर येते. शिक्षा लगेच न सुनावता, त्याची संमती घेऊन, कोर्ट त्याला बंधपत्रावर (बॉण्डवर) उपचारांसाठी सोडतं. वर्षभराच्या आत उपचारांचा अहवाल द्यायचा. तो समाधानकारक असेल तर समज देऊन आणि जास्तीत जास्त ३ वर्षांचं नवं बंधपत्र घेऊन कोर्ट सोडू शकतं. इथे दोषसिद्धी कागदावर राहते, आणि कोर्ट वय, पूर्वचरित्र, प्रकृती पाहतं. सराईताची अडचण नेमकी पूर्वचरित्रात.

एक गंमत बघा. ३९ च्या बंधपत्रात हमी असते ती फक्त एनडीपीएसच्या चौथ्या प्रकरणातले, म्हणजे अंमली पदार्थांचे, गुन्हे न करण्याची. उपचार चालू असताना त्याने पुन्हा पाकीट मारलं, तर शब्दशः ती अट मोडत नाही! टर्की लागली, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग मोडून यायला लागलं, की हाच माणूस पुडीच्या पैशांसाठी दिसेल ते उचलतो, हे गल्लीतल्या पोराला कळतं. कायद्याने मात्र नशा आणि चोरी वेगवेगळ्या फायलींत ठेवली आहे.

त्यामुळे वरची दोन्ही कलमं मोबाईलच्या केसला लागूच होत नाहीत. ती चालते भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) खाली: पहिल्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान १ आणि कमाल ५ वर्षं सक्तमजुरी, वर दंड. स्वतःहून केलेली नशा बचाव म्हणून चालत नाही.

तिथे आशा करायची तर १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याची. त्याचं कलम ३, म्हणजे नुसती समज देऊन सोडणं, पूर्वी शिक्षा झालेल्याला मिळत नाही. कलम ४, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, त्यात तशी अट नाही. सरकारी वकील किमान शिक्षेवर बोट ठेवून विरोध करणार हे धरून चालावं. माझ्या मते आईने धडपड करावी ती इथे. पोरगा जामिनावर असतानाच केंद्रात दाखल झालेला हवा, आणि शिक्षेवरच्या सुनावणीत वकिलाने केंद्राची कागदपत्रं दाखल करून परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला हवा. अहवाल मागवला की कोर्टाला तो विचारात घ्यावा लागतो. मग त्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवण्याचा आदेश मागता येतो, आणि त्याच्या अटींमध्ये नशेपासून दूर राहण्याची अट घालता येते.