प्लॅन बदलला, पण स्पीड जुनाच: बॅकएंडवरून बदल का करू नयेत

आमच्या ब्रॉडबँड ऑपरेटर ग्राहकांसाठी

नमस्कार,

'बिलिंगमध्ये दोनशे एमबीपीएसचा प्लॅन दिसतोय, सबस्क्रायबरला मात्र शंभरच मिळतंय. तुमची सर्व्हिस बंद आहे का?' असा फोन आम्हाला वारंवार येतो. बहुतेक वेळा सर्व्हिस चालूच असते. कुणीतरी घाईत बॅकएंडवरून, म्हणजे बिलिंगच्या डेटाबेसमधल्या टेबलमध्ये, थेट अपडेट मारलेला असतो.

पूर्वी तुमच्याकडे सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी), बिलिंग, रेडियस (लॉगिन आणि स्पीड ठरवणारा सर्व्हर), ओएलटी (फायबरचं ऑपरेटरकडचं यंत्र), इन्व्हेंटरी (उपकरणांच्या नोंदी) आणि तिकिटं (तक्रारी) या सहा सिस्टिम एकमेकींना स्क्रिप्टने बांधलेल्या होत्या. सहांच्या जोड्या पंधरा होतात. एकीत कॉलम बदलला की दुसरीकडे काय तुटेल, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो नोकरी सोडून गेलेला. आता प्रत्येक सिस्टिम आपलं काम सर्व्हिस म्हणून देते, म्हणजे मागणी घेते, काम करते आणि उत्तर देते, आणि प्रत्येक बदल ऑर्डर म्हणून आमच्या सॉफ्टवेअरच्या एकाच दारातून आत येतो.

प्लॅन बदलाची ऑर्डर आली की बिलिंग उरलेल्या दिवसांचा हिशोब करतं आणि रेडियसमध्ये नवं प्रोफाइल लागतं. मग बीएनजीला (सबस्क्रायबरचं इंटरनेट सेशन सांभाळणाऱ्या राउटरला) 'चालू सेशनचा स्पीड बदल' असा निरोप जातो. हा निरोप यूडीपी 3799 पोर्टवर जातो, तेवढा फायरवॉलमध्ये उघडा ठेवा. स्पीडची मर्यादा ओएलटीवर लावलेली असेल तर तिथलं प्रोफाइलही बदलतं, आणि शेवटी इन्व्हेंटरीत नोंद होते. मध्ये एखादी पायरी अडली तर ऑर्डर तिथेच थांबते आणि तुमच्या एनओसीच्या (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षाच्या) स्क्रीनवर लाल दिसते.

टेबलमध्ये थेट लिहिलं की यातलं काहीच होत नाही, कारण सर्व्हिसला ते कळतच नाही. रात्री सिस्टिमच्या नोंदींचा ताळमेळ घेताना तफावत सापडते, पण दोन नोंदींतली खरी कोणती हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. मग आमचा माणूस तुमच्या ऑफिसला फोन करतो, तुमचा माणूस सबस्क्रायबरला करतो, आणि दोन सेकंदांच्या अपडेटपायी अर्धा दिवस जातो.

शिफ्टिंगमध्ये हाल आणखी वाढतात. सीआरएममध्ये नवा पत्ता टाकला, पण इन्व्हेंटरीत ओएनटी (घरातलं फायबरचं यंत्र) जुन्याच स्प्लिटरवर (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जोडावर) राहिला. पुढे फॉल्ट आला की लाइनमन फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर उभा, आणि सबस्क्रायबर दुसऱ्या गल्लीत वाट बघतोय.

म्हणूनच आम्ही डेटाबेसचा लिहिण्याचा पासवर्ड देत नाही. यावर काही जण नाराज होतात, ते आम्ही समजू शकतो. डेटा तुमचाच आहे. रिपोर्टसाठी फक्त वाचण्याचं खातं मागा, त्याच दिवशी मिळेल. सर्व्हिसला वेळ लागतो ही तक्रारही खरी आहे, पण तो वेळ रेडियस आणि ओएलटीचं उत्तर येण्यात जातो. उत्तर न ऐकताच 'झालं' म्हणणारी सिस्टिम आम्हाला द्यायची नाही.

महिनाअखेरीला शेकडो प्लॅन एकदम बदलायचे असतात आणि बॅकएंडचा मोह तेव्हाच होतो. त्यासाठी एक्सेल फाइल चढवण्याची सोय आहे, ती वापरा. प्रत्येक ओळीला ऑर्डर नंबर मिळतो, अडलेल्या ओळी वेगळ्या यादीत येतात. तीच फाइल चुकून पुन्हा चालवली तरी एका नंबरची ऑर्डर दोनदा होत नाही. त्यामुळे 'झालं की नाही' या शंकेने एकेक नाव तपासत बसू नका.

आमच्या ऑर्डर आणि इन्व्हेंटरीच्या सर्व्हिस टीएम फोरम या टेलिकॉम क्षेत्रातल्या संस्थेच्या ओपन एपीआयप्रमाणे (सिस्टिमने एकमेकींशी कसं बोलायचं याच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे) आहेत: प्रॉडक्ट ऑर्डर 622, सर्व्हिस ऑर्डर 641, सर्व्हिस इन्व्हेंटरी 638, रिसोर्स इन्व्हेंटरी 639. उद्या बिलिंग बदललं, किंवा आम्हालाच बदललं, तरी बाकीचं सगळं उखडावं लागू नये म्हणून ही मेहनत घेतली आहे.

ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही त्यांनी सगळं एकदम हलवू नये. जुनं बिलिंग राहू द्या. आधी नवं कनेक्शन आणि प्लॅन बदल या दोनच ऑर्डर सर्व्हिसवर आणा, त्या महिनाभर नीट चालू द्या, मग शिफ्टिंग. तुमच्या सिस्टिमची यादी घेऊन या. अर्धा दिवस सोबत बसून कुठून सुरू करायचं ते सांगू, त्याचे पैसे घेत नाही.

आणि थेट अपडेट झालाच असेल तर तो उलटा फिरवू नका. दुसऱ्या अपडेटने पहिल्याचा माग पुसला जातो. सबस्क्रायबर आयडी, अंदाजे वेळ आणि काय बदललं एवढं सपोर्टला कळवा. कुणी केलं ते आम्ही विचारत नाही. वार्षिक करारात असं दुरुस्तीचं काम महिन्यातून एकदा धरलेलं आहे, त्यापुढे तासाप्रमाणे आकार लागतो.