मेदाम्लांचे जिवाणूंद्वारे रूपांतर

वनस्पतिजन्य तेलांतील मेदाम्लांवर जिवाणूंकरवी प्रक्रिया घडवून वंगणे, रंगलेप, सौंदर्यप्रसाधने आणि सुगंधी द्रव्ये यांसाठी लागणारी संयुगे मिळवण्याची पद्धत. कोकणात हिचा विचार खोबरेलापासून नव्हे, तर उंडी-करंज या झाडांच्या बियांच्या तेलापासून सुरू करावा लागतो.

ओलेइक आम्लाच्या साखळीत 18 कार्बन असतात आणि नवव्या-दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध. काही जिवाणूंतले हायड्रेटेज विकर (एन्झाइम) नेमके तिथे पाण्याचा रेणू जोडते. हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) दहाव्याच कार्बनवर बसतो आणि 10-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल तयार होते. अमेरिकेतील वॉलेन व सहकाऱ्यांनी 1962 मध्ये स्यूडोमोनास जिवाणूकडून हे घडवून दाखवले. तीव्र आम्ल वापरून हेच केले तर गट हव्या त्या जागी बसेलच असे नाही, मिश्रण हाती येते. जिवाणू ते 30 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे रत्नागिरीच्या साध्या दुपारी, अचूक करतो. एरंडेलाच्या मेदाम्लात हा गट मुळातच असतो, म्हणून ग्रीसच्या धंद्यात त्याला मागणी आहे. तोच गुण इतर तेलांना मिळवून देणे हे या पद्धतीचे खरे मोल.

खोबरेलात जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल. त्यात दुहेरी बंधच नाही. भिरंडेलाचे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचेही बरेचसे तसेच. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेला मेद मुठीत वळून केलेला मुठेलाचा गोळा फडताळात घट्ट राहतो आणि भेगाळलेल्या टाचेवर चोळला की हळूहळू पाघळतो. हे घट्टपण निम्म्याहून अधिक असलेल्या स्टिअरिक आम्लामुळे येते, आणि त्याला हे विकर हात लावत नाही. मुठेल टाचेलाच राहावे हे बरे. उंडेल एकेकाळी दिव्यात जळे; ते आणि करंजेल दोन्ही अखाद्य, दोन्हींत ओलेइक आम्ल भरपूर. कोणाच्या ताटातले न काढता हा कच्चा माल मिळू शकतो.

अडचण तेल-पाण्याच्या वैराची. आधी लायपेज विकराने तेलातून मेदाम्ले सुटी करावी लागतात, मग तेल-पाणी एकजीव ठेवणारे पायसीकारक घालून मिश्रण सतत घुसळावे लागते. शिवाय स्यूडोमोनासच्या काही जाती माणसाला बाधतात. म्हणून अशा विकराचे जनुक ई. कोलाय या जिवाणूच्या निरुपद्रवी वाणात घालून काम करून घेतात.

10-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्लाची साखळी यीस्टने आखूड केली की गॅमा-डोडेकालॅक्टोन मिळते. त्याला पिकलेल्या पीचसारखा वास येतो.