कच्चं भरायचं, आत शिजवायचं: कॉर्निश पास्टीमागचं विज्ञान

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमच्या कुळातला कंद मैद्याच्या पारीत भरायचा, पारी अर्धगोल दुमडायची, कडेला मुरड घालायची आणि ओव्हनमध्ये भाजायची, की झाली तिथली पास्टी. दिसते मोठ्या करंजीसारखी. पण करंजी तळणीत काही मिनिटंच असते, म्हणून तिचं सारण आधी तयार लागतं. पास्टीत सगळं कच्चंच भरतात. 2011 मध्ये युरोपीय संघाने ‘कॉर्निश पास्टी’ या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं, तेव्हा ही अट नियमातच आली. शिवाय मांस किमान 12.5 टक्के, भाज्या किमान 25 टक्के आणि मुरड कडेलाच हवी.

पास्टीची सगळी चव या कच्चेपणात आहे, असं माझं ठाम मत आहे. मांस आधी परतलं तर त्याचा रस कढईत सुटतो आणि आटतो. कच्चं भरलं की त्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही.

ओव्हन 180 ते 200 अंशांवर असला तरी सारण 100 अंशांच्या वर जात नाही. आत पाणी आहे तोवर जास्तीची उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्च होते. पारीचा बाहेरचा थर मात्र कोरडा पडतो आणि 140 अंशांच्या पुढे जातो. तिथे प्रथिनं आणि शर्करा यांच्यात मेलार्ड अभिक्रिया सुरू होते. तांबूस रंग आणि भाजल्याचा खमंग वास तिच्यामुळेच येतो. वरून फेटलेलं अंडं लावतात ते याचसाठी, कारण त्यामुळे पृष्ठभागावर जास्तीची प्रथिनं मिळतात. एकाच वेळी बाहेर भाजणं आणि आत वाफवणं असं हे काम चालतं.

आत काय घडतं ते क्रमाने पाहण्यासारखं आहे. साधारण 60 अंशांच्या आसपास मांसाचे तंतू आखडू लागतात आणि रस पिळून बाहेर टाकतात. नेमक्या त्याच सुमारास, 60 ते 70 अंशांच्या दरम्यान, बटाट्यातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात. चिरताना फुटलेल्या पेशींतला स्टार्च फोडींच्या अंगावर असतोच; तो रसात मिसळतो आणि रस दाट होतो. वेगळं पीठ न लावता रस्सा आपोआप तयार! म्हणून चिरलेला बटाटा धुऊ नये. पुढे मांसातलं कोलॅजेन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, हळूहळू विरघळून मऊ जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटेल इतका गुळगुळीत लागतो.

तासाभराच्या आत कच्चा बटाटा आणि कच्चं मांस दोन्ही शिजायचं, तर चिरण्यावर सगळं अवलंबून आहे. फोडीच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई होतो. दुप्पट केली तर चौपट लागतो. कॉर्नवॉलमध्ये बटाट्याचे चौकोनी तुकडे करण्याऐवजी सुरीने पातळ कपच्या काढायची पद्धत आहे, ती या गणितात चपखल बसते. मांसही तंतूंना आडवं, बारीक कापावं. मीठ मात्र अगदी भरताना घालावं. आधी घातलं तर ते भाज्यांतलं पाणी ओढून काढतं आणि पारी तळाशी भिजते.

पारीसाठी भरपूर ग्लुटेन (कणकेला ताण देणारं गव्हातलं प्रथिन) असलेलं, पाव करतात तसलं पीठ घेतात. मोहन पिठाच्या कणांवर बसतं आणि ग्लुटेनचं जाळं फार लांब वाढू देत नाही, म्हणून पारी खुसखुशीत होते. पण मोहन अति झालं तर वाफेच्या आणि ओल्या सारणाच्या भाराने ती फुटेल. 500 ग्रॅम पिठाला सुमारे 150 ग्रॅम चरबी आणि थंड पाणी हे प्रमाण दोन्ही बाजू सांभाळतं. मळलेला गोळा दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवावा. ताणलेलं ग्लुटेन सैलावतं, चरबी घट्ट होते आणि पारी लाटताना मागे आखडत नाही.

मुरडीबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते. कथिलाच्या खाणीत कामगारांच्या हातांना आर्सेनिक लागलेलं असे, म्हणून ते मुरड धरून पास्टी खात आणि मुरड टाकून देत. कॉर्नवॉलच्या कथिल आणि तांब्याच्या खनिजांबरोबर आर्सेनिक सापडतं, हे खरंच आहे. पण जुन्या छायाचित्रांत खाणकामगार कापडात किंवा कागदात गुंडाळलेली पास्टी एका टोकाकडून खाताना दिसतात. अशी खाल्ली तर मुरड टाकायची गरजच पडत नाही. मुरडीचं नक्की काम वाफ आणि रस आत धरून ठेवण्याचं. कडेला ओलावा लावून दाबली की दोन्ही थरांचं पीठ एकजीव होतं.

1820 च्या दशकात कॉर्नवॉलचे खाणकामगार मेक्सिकोत रेआल देल मोन्तेच्या चांदीच्या खाणींवर गेले, आणि पास्टीही गेली. तिथे तिला ‘पास्ते’ म्हणतात. बटाटा-मांसाच्या सारणात आता मिरचीही असते.