सोसायटीच्या गोदामावरचं ऊन

शाळा सोडली तर विदर्भातल्या अनेक गावांत सर्वांत मोठं छप्पर सेवा सोसायटीच्या गोदामाचं असतं. आत खताची पोती, वर टिनं. त्या टिनांवर मार्च ते जून जे ऊन कोसळतं, ते आजवर आपण फक्त सोसत आलो. त्याचा हिशोब मांडून पाहू.

एक किलोवॅट क्षमतेचे सौर पॅनल आपल्या भागात वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट वीज देतात. १० किलोवॅटला साधारण १,००० चौरस फूट जागा लागते आणि रोज ४० युनिट मिळतात. सोसायटीने गावासाठी १० एचपीची चक्की बसवली, तर तिची मोटर ताशी साडेसात युनिट खाते. म्हणजे रोजची पाच तासांची दळणं त्याच छपरावर निघाली. घरांतले दिवे संध्याकाळी लागतात, ऊन मात्र दुपारी असतं. चक्की, डाळमिल, तेलघाणी ही कामं दुपारीच उरकता येतात, म्हणून महागड्या बॅटरीवाचून भागतं.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. जितकी गरमी जास्त तितकी वीज जास्त, असं पुष्कळांना वाटतं. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता मोजतात ती २५ अंश सेल्सिअसला. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की पॅनल स्वतः ६५-७० अंशांपर्यंत तापतो, आणि प्रत्येक वाढत्या अंशामागे सुमारे ०.४ टक्के वीज कमी होते. भर दुपारी जवळपास सहावा हिस्सा असाच जातो. म्हणून पॅनल टिनाला चिकटवून बसवू नयेत. खालून वारा खेळेल इतकी, निदान वीतभर, जागा ठेवावी. आणि धूळ धुवायची ती पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते.

कोळशावर तयार होणारी एक युनिट वीज हवेत अंदाजे एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. दहा किलोवॅटचं छप्पर वर्षाला सुमारे १४ टन वाचवतं. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र ज्यांच्या शेजारी आहे, त्यांना राखेसकट या आकड्याचा अर्थ कळतो. वर्ध्याच्या मगनवाडीत काम केलेले गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन प्रकार सांगितले होते: साठ्याची आणि वाहती. कोळसा हा साठा, उपसला की संपतो. ऊन वाहतं.

पण हे काम सहकारानेच का करावं? घरावर पॅनल बसवायला केंद्राच्या योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. मात्र ज्याचं घर कुडाचं, भाड्याचं किंवा जुन्या कौलांचं, तो पॅनल कुठे बसवणार? शेअर घेऊन तो गोदामावरच्या विजेचा मालक होऊ शकतो. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. वीज विकणाऱ्याचा फायदा जास्त युनिट खपण्यात असतो. ग्राहक सहकारी संस्थेत घेणारा आणि मालक एकच, त्यामुळे वाचलेलं युनिटही फायद्याचंच. १८४४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल गावात २८ जणांनी पीठ, लोणी, साखरेचं दुकान काढलं, ते याच तत्त्वावर: नफा वाटायचा तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या २० पवनचक्क्यांपैकी निम्म्या आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या आहेत.

आपल्याला जवळचं उदाहरण गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावचं. २०१६ मध्ये तिथे सहा शेतकऱ्यांनी सौर सिंचन मंडळी काढली. ती उत्पादकांची, ग्राहकांची नव्हे, तरी शिकण्यासारखं पुष्कळ आहे. ओलीत करून उरलेली वीज मंडळी वीज कंपनीला ४ रुपये ६३ पैसे दराने विकू लागली. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात म्हटल्यावर पंप उगाच चालू ठेवणं परवडेना, आणि विहिरीतलं पाणीही वाचण्याची सोय झाली. शिवाय ओलीत दिवसा. रात्रपाळीची लाइन आली की बॅटरी घेऊन, रानडुकराच्या आणि सापाच्या भीतीने बांधावर उभं राहणं काय असतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

सहकार म्हटलं की सगळं सुरळीत, असं मात्र नाही. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही वीजग्राहकांची संस्था सुमारे चाळीस वर्षं वीज वाटत होती. थकबाकी साचत गेली आणि २०११ मध्ये तिच्याकडचं वितरण गेलं. पॅनल २५ वर्षं टिकतो, पण पॅनलची वीज मोटरीला चालेल अशी करून देणारं यंत्र, म्हणजे इन्व्हर्टर, दहा-बारा वर्षांत बदलावा लागतो. तो पैसा आधीच बाजूला पडायला हवा. सहकार कायद्यात नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकणं आणि लाभांश १५ टक्क्यांच्या आत ठेवणं बंधनकारक आहे. त्या शिस्तीच्या जोडीला इन्व्हर्टरसाठी वेगळं खातं उघडावं, आणि उधारीची वीज कुणालाच देऊ नये, संचालकालाही नाही.

सोसायटीची आमसभा ३० सप्टेंबरच्या आत होते. त्याआधी गोदामाची गेल्या बारा महिन्यांची बिलं गोळा करा, मंजूर भार किती आहे तो बिलावर पाहा, आणि टिनांखालच्या कैच्या पॅनलचं वजन पेलतील का, हे जाणत्या अभियंत्याकडून तपासून घ्या. विषयपत्रिकेत हा विषय लेखी द्या.