लिथियम आणि गरोदरपण: ‘चारशे पट’चं भूत

‘लिथियम चालू असेल तर बाळाच्या हृदयात दोष येणारच, गोळी आजच बंद करा.’ लिथियम हे बायपोलर (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) या मानसिक आजारावरचं औषध. ते घेणाऱ्या गरोदर बायकांना नागपुरात हा सल्ला अजूनही मिळतो. त्याचं मूळ 1970च्या दशकात आहे. तेव्हा डॉक्टर आपणहून कळवतील त्या केसेस नोंदल्या जात, साहजिकच बिघडलेल्याच जास्त. त्यातून एब्स्टाइन या दुर्मीळ हृदयदोषाचा धोका चारशे पट ठरला.

2017च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात हृदयदोष लिथियम घेणाऱ्यांत 100 मागे सुमारे 2.4 आणि न घेणाऱ्यांत 1.15 निघाले. धोका आहे, पण तो डोसवर चढतो: दिवसाला 600 मिग्रॅपर्यंत जेमतेम, 900च्या वर साधारण तिप्पट. एकदम बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो, बाळंतपणानंतर तर जास्तच. म्हणून निर्णय मानसोपचारतज्ज्ञासोबतच, शक्यतो दिवस राहण्याआधी.

चालू ठेवलं तर रक्तातली पातळी दर चार आठवड्यांनी, 36व्या आठवड्यापासून दर आठवड्याला. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये बहुधा लिथियम हेपॅरिनच (रक्त गोठू न देणारं, लिथियम असलेलं रसायन) असतं. त्यात घेतलं की आकडा खोटा फुगतो!

गरोदरपणात मूत्रपिंड लिथियम भराभर बाहेर टाकतं, पातळी उतरते. प्रसूतीनंतर ती झपाट्याने चढते, तेव्हा वाढवलेला डोस तसाच ठेवला तर विषबाधा. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हात) येणारा घाम, उलट्या, अळणी जेवण, आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी यांनीही पातळी अशीच चढते. 18 ते 20 आठवड्यांत बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.